म्हशीला सांगितलेली गोष्ट

५ नोव्हेंबर २०२५

सगळ्यात आधी माफी मागतो. ही डायरी बियाण्याच्या दुकानदारानं संक्रांतीला दिली होती, आणि मी पहिलं अक्षर लिहितोय ते दिवाळी होऊन गेल्यावर. एवढे महिने ती फडताळात हळदीच्या डब्याखाली पडून होती, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी पिवळे झालेत. कोरं पान पाहिलं की मला वाटायचं, सातवी नापास माणसानं इथं काय लिहावं, आणि लिहिलं तर चुकेलच. आता मात्र लिहावं लागतंय. काळजी पोटात राहिली की मला पित्त होतं. एरवी मी सगळ्या काळज्या बायकोला, म्हणजे अयोध्याच्या मायला सांगतो. पण ही काळजी तिचीच आहे. ती तिला कशी सांगू?

आमची लेक अयोध्या चाकणला असते. तिची लेक आरोही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. अयोध्याला कंपनीतली पाळी सुटत नाही, म्हणून तिनं आईला बोलावलंय. महिना संपला की जायचं, ते होळीपर्यंत राहायचं. चाकणला त्यांच्या दोन खोल्या. त्यात मी कुठं मावणार? शिवाय म्हैस आहे. म्हणजे मी इथं सिरसाळ्यात आणि ही तिकडं.

लग्न झाल्यापासून ही चार दिवसांच्या वर कुठं राहिली नाही. आणि हिला फोन वापरता येत नाही. घरात फोन वाजला की "आवं, ते वाजायलंय!" म्हणून ओरडते, जसा काही चुलीमागं साप निघालाय. तिथं अयोध्या कंपनीत, आरोही बाळाला घेऊन झोपलेली. मग हिची खबर मला कोण देणार?

दुसरी काळजी. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारी तेजश्री दुपारी अंगणवाडीच्या खोलीत आम्हा म्हाताऱ्यांना मोबाईल शिकवायची. तिचं लग्न होऊन ती गेवराईला चालली. जाताना म्हणाली, "आजोबा, आता वर्ग तुम्ही घ्या."

मी म्हटलं, "पोरी, सगळ्यात ढ मीच होतो."

"म्हणूनच," ती म्हणाली. "होऊ शकणारी प्रत्येक चूक तुम्ही करून बसलाय. कोण कुठं अडकतं ते तुमच्याइतकं कोणाला कळणार?"

हे कौतुक होतं की काय होतं, तीन वेळा विचार केला. कळलं नाही.

७ नोव्हेंबर

पहिला वर्ग झाला. मेलो नाही.

अंगणवाडीच्या पिटुकल्या सतरंज्यांवर सगळे मांडी घालून बसले. भिंतीवर अननस, आई आणि इमारतीची चित्रं. माझा जुना मित्र दस्तगीर सगळ्यात पुढं. आयुष्यभर त्यानं पंक्चर काढले. दुकान आता त्याच्या पोराकडं, अशफाककडं आहे, तिथं टायर जाऊन मोबाईल आले. त्याच्यामागं छबुबाई आणि तिचे मालक रामकिसन. भिंतीला टेकून माजी सरपंच सुंदरराव. त्यांचा फोन सगळ्यात मोठा, पण तो उघडायचा कसा हे ते कोणाला विचारत नाहीत. नुसता हातात धरतात, सत्काराचा नारळ धरावा तसा.

पहिला धडा बोट लावण्याचा. पुरुषांची बोटं लागेनात. दस्तगीरचा अंगठा इतका राठ की फोनला वाटावं लाकूड टेकलंय. रामकिसन दारावरची घंटी दाबावी तसा दाबत होता. मी घाबरलो, वर्ग इथंच संपला म्हटलं. तेवढ्यात सुचलं. मी म्हणालो, "तव्यावरची भाकर झाली का ते कसं बघता? नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. दाबलं तर पोळतं."

छबुबाईनं लगेच बोट टेकवलं आन् फोन उघडला! "आगं माय!" असं म्हणून ती अशी हसली की बाहेर झोपलेलं कुत्रं उठून गेलं. मग ती रामकिसनला म्हणाली, "जल्मात भाकर केली असती तर आला असता फोन."

सुंदरराव म्हणाले, "त्रिंबक, पुरुषांसाठी दुसरं उदाहरण द्या."

मला दुसरं येत नव्हतं.

घरी येऊन अयोध्याच्या मायला म्हटलं, "तूबी चल उद्यापासून. चाकणला उपेगी पडंल."

"नवऱ्याच्या शाळंत बायको? छबी गावभर करंल," ती म्हणाली. "आन् तुमी मला बोटाला धरून शिकवनार, चार मान्सांत? शोभतंय का?"

विषय संपला. ती म्हशीला वैरण घालायला गेली.

१० नोव्हेंबर

आज फसवणुकीचा धडा. हा मी पोटतिडकीनं शिकवला, कारण ही भीती मला रोज वाटते. म्हणालो, "कोणी फोन करून आकडा विचारला, तर मेलं तरी सांगायचा न्हाई. अनोळखी नंबर दिसला की समजायचं भामटा. गोड बोलला की पक्का भामटा."

धडा सगळ्यांना नको तितका पटला. नंतर मी हजेरीला रामकिसनचा नंबर विचारला तर तो म्हणाला, "न्हाई सांगत."

"आरं, मी हाय!"

"गोडच बोलायलास," तो म्हणाला.

छबुबाईनं तर आपलं वय सांगायलासुद्धा नकार दिला. म्हणाली, तोही आकडाच आहे.

१३ नोव्हेंबर

काहीतरी चाललंय. अयोध्याची माय हल्ली रोज दुपारी दस्तगीरच्या घरी जाते. त्याची बायको अकबरी आणि ही जुन्या मैत्रिणी, त्यात नवल नाही. पण दार लावून बसतात. आज वर्गाला खडू न्यायचा होता म्हणून मी गेलो (खडू दस्तगीरकडं असतो), तर आतून दोघींचं हसू ऐकू आलं. मी कडी वाजवली तसं एकदम शांत.

अकबरीनं दार बोटभर उघडलं. "त्रिंबकभाई, अंदर नको. काम चालू है."

"कसलं काम?"

"बाई लोकांचं."

आता बाई लोकांचं काम म्हटल्यावर पुरुषानं काय विचारावं? पण परत येताना डोक्यात आलं, हिला काही दुखणं तर नाही? बायका अशा गोष्टी बायकांनाच सांगतात. चालताना मी दोनदा थांबलो. खडू राहिलाच.

संध्याकाळी विचारलं, "तब्येत बरी हाय ना?"

"मला काय धाड भरली?" ती म्हणाली.

म्हणजे नक्की लपवतेय.

१७ नोव्हेंबर

आज वर्गात जे झालं ते लिहिताना हात हसायलाय.

बोलून फोन लावण्याचा धडा होता. फोनमधलं माइकचं चित्र दाबायचं, आणि ज्याला लावायचा त्याचं नाव घेऊन 'फोन लाव' म्हणायचं. बोट राठ असलं तरी चालतं. मी छबुबाईला म्हटलं, "रामकिसनला लावा."

तिचा पदर तोंडाला.

"लावा की."

"आवं मास्तर, त्यांचं नाव कसं घिऊ?"

तिथंच मला कळलं की ही अडचण तेजश्रीच्या कधी लक्षातच आली नसती. ती आजकालची, नवऱ्याला नावानं हाक मारणारी. इथं माझ्यासमोर बसलेल्या बायांनी साठ वर्षांत ते नाव तोंडातून काढलेलं नाही. आणि फोनला "आवं" म्हटलेलं कळत नाही.

दस्तगीर म्हणाला, "मंग उखाणा घ्या, भाबी. उखाण्यात चालतं ना?"

झालं. सगळ्या बाया ओरडल्या, "घे, छबे, घे!" छबुबाई उठून उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला, फोन हळदीकुंकवाच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली:

"लिंबाच्या झाडाखाली सावली पडली गार,
रामकिसनरावांना फोन लाव, घंटी दे दोन-चार!"

फोननं आधी लिंबाच्या झाडांचे फोटो दाखवले. मग दुसऱ्यांदा घेतला तेव्हा खरंच घंटी गेली. पण रामकिसनचा फोन त्याच्या हातात गपगार! तिच्या फोनमधून एक जाडा आवाज आला, "हां, बोला." तो पाटोद्याचा सरकी-पेंडीवाला रामकिसन निघाला. छबुबाईला कळलंच नाही. तिनं त्यालाही पूर्ण उखाणा ऐकवला.

त्या माणसानं तो पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाला, "बाई, उखाणा चांगला हाय. पण माजी बायको इथं दुकानातच बसलीय."

सुंदरराव हसून हसून भिंतीवरच्या इमारतीवर आपटले. त्यांना असं हसताना मी तीन निवडणुकांत पाहिलं नव्हतं.

मग छबुबाईनं उट्टं काढलं. "मास्तर, आता तुमी घ्या बायकोचं नाव!"

मी म्हटलं, "अयोध्याची माय."

"हे नाव हाय का? नाव घ्या, नाव!"

माझे कान तापले. मी वर्ग सोडून दिला. खरं सांगायचं तर मी ते नाव कधी तोंडानं घेतलेलं नाही. माझ्या फोनमध्ये तिच्यासाठी काही नंबरच नाही, मग नाव तरी कशाला लागतं?

घरी ही गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की पीठ सांडलं. मग एकदम थांबून म्हणाली, "आन् फोनला ते नाव खरंच कळलं?"

"कळलं की."

"हं," ती म्हणाली आणि भाकर थापायला लागली. फार जोरात थापत होती.

२० नोव्हेंबर

आवाज पाठवायचा धडा. आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲपवर गट आहे, तेजश्रीनंच केलेला, जाताना माझ्या हवाली केलेला. मी, दस्तगीर, झाडून सगळे त्यात आहेत. अकबरीसुद्धा आहे, वर्गाला येत नसली तरी. माइकचं चित्र दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. ज्यांचा अंगठा दुखतो त्यांनी चित्र वर सरकवायचं, म्हणजे ते आपलं आपण चालू राहतं. मी सरकवून दाखवलं. तेवढ्यात शाळेची घंटा झाली, सगळे उठले, मीही फोन खिशात टाकून घरी आलो.

घरी ही नव्हती. अकबरीकडंच असणार. मी म्हशीला पाणी दाखवलं. आणि काय झालं कोण जाणे, तिच्याशी बोलायला लागलो. घरात दुसरं कोण आहे? तिला म्हणालो, "बाई, आता दहा दिवसांनी तू आणि मीच. मला काही घास गोड लागायचा नाही. जाऊ नको म्हणायचं तोंड नाही मला, पोरीचं बाळंतपण आहे. पण तू तेवढे चार दिवस आजारी पडल्यासारखं कर. दूध आटव. नुसतं मान टाकून उभी राहा. तुझ्यावर तिचा लई जीव आहे, तुझ्यासाठी थांबेल ती. माझ्यासाठी थांब म्हटलं तर हसेल." म्हैस कान हलवत होती. नंतर मी तिच्या गळ्याशी डोकं टेकून जरा वेळ उभा राहिलो. नाकही शिंकरलं.

मग खिशातला फोन गरम लागला. काढून पाहतो तर आवाजाचे आकडे अजून पळतायत! घाबरून जे हिरवं दिसलं ते दाबलं. गेलं कुठंतरी. खिशातला अंधार गेला असेल, दुसरं काय जाणार? ऐकून पाहिलं नाही. स्वतःचा आवाज फोनमधून ऐकायला मला भीती वाटते, वारलेल्या माणसाचा वाटतो.

२१ नोव्हेंबर

आज वर्गात सगळे मला बघून खाली बघत होते. मी पायजमा उलटा तर नाही ना ते पाहिलं. नव्हता.

दस्तगीर म्हणाला, "मास्तर, म्हशीची तब्येत कशी हाय?"

"बरी हाय."

"दूध देती का अजून?"

"देती की. कावून, काय झालं?"

"काही न्हाई. आपलं इचारलं, बे."

बाया पदर तोंडात कोंबून हलत होत्या. जाताना छबुबाईनं तर म्हशीसाठी मूठभर गूळ दिला. आणि सुंदरराव, जे कधी कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाहीत, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "त्रिंबक, मीबी एकटाच राहतो. पयले आठ दिस जड जातात. मंग दुपारी येत जा माझ्याकडं."

ते एकदम असं का म्हणाले ते कळलं नाही. पण एक कळलं. सगळ्या गावाला म्हैस आजारी दिसतेय आणि मला दिसत नाही. मी काल तिला काय सांगितलं होतं? तिनं ऐकलं तर नाही?

२२ नोव्हेंबर

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी म्हैस पुढून पाहिली, मागून पाहिली, जीभ पाहिली, आणि विचारलं, "हिला होतंय काय?"

मी म्हटलं, "लोक म्हणतात आजारी आहे."

"आणि म्हैस काय म्हणते?"

मी म्हटलं, चहा घ्या. डॉक्टर चहा पिऊन गेले. अयोध्याची माय दाराआड उभी होती, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो तर डोळ्यांत पाणी होतंच, पण तोंड हसत होतं. हे कसलं दुखणं?

रात्रीच्या जेवणाला तिनं शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. सण नाही, वार नाही. वर तुपाची धार. मी खात असताना समोर बसून राहिली, आणि म्हणाली, "घास गोड लागतोय का?"

"लागतोय की. गुळाच्याच आहेत."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि ताटात आणखी एक वाढली.

माणूस कुठं लांब जायचं असलं की असा वागतो. मला पोळी गिळेना, पण ती बघत होती म्हणून चार खाल्ल्या. पित्त झालं.

२६ नोव्हेंबर

आता राहवलं नाही. दस्तगीरला गाठलं. त्याच्या पोराच्या दुकानासमोर बाकड्यावर बसलो आणि सरळ विचारलं, "माझ्या घरच्यांना काय झालंय? अकबरीभाबीला माहीत असणार. मला सांग. मी ऐकून घीन."

दस्तगीरनं माझ्याकडं पाहिलं. मग रस्त्याकडं पाहिलं. त्याचं पोट हलत होतं. "दुखणं हाय, तिरंबक. पर जुनं हाय. पन्नास सालाचं."

"मंग डॉक्टर?"

"या दुखण्याला डॉक्टर नसतो, बे. ज्याच्यापायी झालंय त्योच दवा बी."

मी म्हटलं, नीट बोल. तो म्हणाला, "मला कसम घातलीय बाईनं. पर एक सांगतो. काळजी नको करू. तू करणारच, पर नको करू."

आत अशफाक कोणत्या तरी जुन्या फोनची काच पुसत होता आणि त्याच्या पडद्यावर जास्वंदीचं फूल दिसत होतं. मला पाहिल्याबरोबर त्यानं फोन पालथा घातला. आजकालची पोरं गिऱ्हाईकाची गोष्ट गुप्त ठेवतात, हे चांगलं आहे.

२८ नोव्हेंबर

भामटा आला! मी सांगत होतो ना, एक दिवस येणार.

सकाळी पाहतो तर आमच्या गटात एक अनोळखी नंबर. नाव नाही. नुसता जास्वंदीचा फोटो, आमच्या दारात आहे तशीच, दुहेरी पाकळीची. ह्या लोकांची पाळत केवढी! आमच्या दारात कोणतं फूल आहे इथवर त्यांना माहीत. तेजश्रीनं शिकवलेलं आठवलं. त्या नंबराला गटातून काढून टाकलं. मग सगळ्यांना आवाज पाठवला, "सावध! फुलावर भुलू नका!"

थोड्या वेळानं ते फूल परत गटात. मी परत काढलं. परत आलं! चौथ्या वेळेला दस्तगीरचा फोन. "तिरंबक, मी घालतोय, तू काढायलास! राहू दे की, बे!"

"कोण आहे ते?"

"माझ्या ओळखीचं हाय. भलं माणूस हाय."

"गोड बोलतं का?"

दस्तगीर जरा वेळ हसत राहिला. "तुझ्याशी तर कधी न्हाई बोललं," तो म्हणाला.

राहू दिलं. पण डोळा ठेवून आहे. दुपारी छबुबाईनं त्या फुलाला नमस्काराचं चित्र पाठवलं. किती समजावून सांगितलं तरी ह्या बायांना कळत नाही.

३० नोव्हेंबर

उद्या जाणार. जावई परळीला आलेत कामासाठी, ते पुण्याच्या गाडीत जागा धरून येणार, ही सिरसाळ्याच्या फाट्यावर बसणार.

आज दिवसभर ती घर आवरत होती. मला डबे दाखवले, कशात काय आहे ते. मी प्रत्येक डब्याला मान हलवली आणि एकही लक्षात राहिला नाही. तिखटाची बरणी दाखवताना ती म्हणाली, "काही इसरलात तर इचारा."

"कोणाला इचारू? तू तर तिकडं."

"तिकडं म्हंजे काय परलोकात न्हाई," ती म्हणाली.

मला म्हणायचं होतं, जाऊ नको. म्हणालो, "पिशवीत स्वेटर घाल. तिकडं थंडी असती." मग म्हणालो, "पाण्याची बाटली?" मग म्हणालो, "आन् खिडकीजवळ बसू नको, वारं लागतं." ती म्हणाली, "आणखी?" मी म्हटलं, "काही न्हाई." तिनं पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "म्हशीला सांगितलं का मी चाललेय म्हणून?"

मी म्हटलं, "तिला काय कळतंय?"

ती जोरात हसली आणि घाईघाईनं आत गेली.

१ डिसेंबर

फाट्यावरून येऊन तसाच लिहायला बसलोय, अक्षर लागलं नाही तर माफी.

सकाळी फाट्यावर गेलो. अकबरी आली, दस्तगीर आला, छबुबाई तर नटून आली, जसं वऱ्हाड चाललंय. गाडी आली. हिनं चढताना मागं पाहिलं आणि म्हणाली, "येते." मी म्हटलं, "हो." एवढंच. गाडी वडवणीकडं गेली आणि धुळीत दिसेनाशी झाली. मी उभाच. मला वाटलं बाकीचे निघाले असतील. पण तिघंही तिथंच. आणि तिघांच्याही हातांत फोन! अशी दुःखाची वेळ आणि ह्यांना फोन सुचतोय.

दस्तगीर म्हणाला, "फोन काढ."

"कशाला?"

"काढ, बे!"

काढला. गटात त्या जास्वंदीचा आवाज आला होता. मी म्हटलं, भामट्यानं वेळ बरोबर साधली, मी ऐकणार नाही. छबुबाईनं माझ्या हातातून फोन ओढला, बोट असं टेकवलं, भाकरीला टेकवतात तसं. आणि गाडीच्या घरघरीतून आवाज आला. खाकरला. मागून जावयाचं हसू. मग:

"गाडी सुटली सिरसाळ्याहून, मागं राहिला गाव,
म्हशीला नका सांगू, मला सांगा, त्रिंबकराव!"

मी फाट्यावरच्या दगडावर खाली बसलो.

माझं नाव. उखाण्यात का होईना. लग्नातसुद्धा हिनं उखाणा घेतला नव्हता, लाजून पळाली होती. आणि आज सगळ्या गटाला!

"पर म्हशीचं हिला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

अकबरी हसत हसत रडत होती. म्हणाली, "तुमीच, भाईजान. सगळ्यांना सांगितलं. रतनभाबी माझ्या बाजूलाच बैठी थी. तीन बार ऐकलं तिनं. तिसऱ्या बार ऐकताना ह्या दुपट्ट्यात तोंड घालून रडली. फोन शिकायला तर पहलेसेच येत होती, मंग म्हणली, आता तर पुरा शिकायलाच पाहिजे, हा मानूस म्हशीशी बोलून वेडा होईल."

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. दार लावून बसणं. अशफाकचा पालथा घातलेला फोन. पोळ्या. माझ्या खांद्यावरचा सुंदररावांचा हात. आणि अरे देवा, मी चारदा माझ्याच बायकोला गटातून हाकलून दिलं!

दस्तगीरनं वीस तारखेचा तो माझा आवाज शोधून लावला. माझ्या खिशातला अंधार नव्हता तो. सगळं होतं. दूध आटव. मान टाकून उभी राहा. नाक शिंकरणंसुद्धा होतं, आणि मध्ये म्हशीचा हंबरडा, तोही अगदी योग्य जागी. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मग वाटलं, जे तोंडानं कधी सांगता आलं नसतं ते तिला कळलंय. आणि तरी ती हसत गेलीय. भांडून नाही, आजारी म्हणून नाही, हसत.

छबुबाई म्हणाली, "आता तुमी घ्या उखाणा, मास्तर! उत्तर द्यावं लागतं!"

मी माइकचं चित्र दाबलं. खूप आठवलं. गावाला राव जुळतो, रतनला काय जुळतं? काही जुळेना. आकडे पळायला लागले. सगळे माझ्याकडं बघत होते, फाट्यावरचा चहावालाही. शेवटी मी उखाणा न घेताच बोललो. जे बोललो ते इथं लिहून ठेवतो, कारण पुन्हा कधी इतकी हिंमत होईल असं वाटत नाही:

"रतन. स्वेटर घातलास का? तिखटाची बरणी कोणती म्हणालीस, मी इसरलो. म्हैस बरी हाय. मी बरा न्हाई, पर होईन. चाकण आलं की कळव. नसलं आलं तरी कळव. बीडला गाडी थांबंल तवाच कळव. लवकर कळव, रतन."